तोडफोड अजिबात नाही

तोडफोड करायची नाही, यावर आमच्या घरात एकमत झालं. आमच्याकडे एकमत झालं की खर्च वाढतो, हे मला ठाऊक होतं. पण बोईसरच्या नव्या फ्लॅटचा ताबा नुकताच मिळाला होता आणि आनंदाच्या भरात माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही. घर कोरं करकरीत होतं. टाइल्स गुळगुळीत, ओटा ग्रॅनाइटचा, मुख्य दाराला बिल्डरने आपल्या पदरचं एक पीपहोल बसवलेलं. ते उलटं बसल्यामुळे बाहेरच्याला आतलं दिसायचं, पण नव्या घरात असं काहीतरी चालायचंच. तेव्हा भिंत पाडायची नाही, फॉल्स सीलिंग नाही, टाइल उपटायची नाही. फक्त पडदे, दोन-चार दिवे आणि एखादी फ्रेम.

"घर कसं जरा प्रसन्न वाटलं पाहिजे. उद्या कुणी आलं-गेलं तर?" बायको म्हणाली.

"बजेट किती धरायचं?"

"अहो, पडद्यांना कसलं बजेट?"

मी पालघरला एका बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसतो. समोरचा माणूस "लागतील साधारण" असं म्हणाला की मी मान वर न करता "साधारण म्हणजे किती? आकडा सांगा," असं त्याला सुनावतो. घरी मात्र मी "बरं" म्हणालो.

बोईसरात फ्लॅट घेणारी माणसं बहुतेक मुंबईकडून सरकत आलेली असतात. मुंबईत जमत नाही म्हणून मीरा रोड बघायचं, तिथून विरार; आणि एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली तेव्हापासून ही मंडळी सरकत सरकत आमच्यापर्यंत पोचली. आम्ही मात्र उलटीकडून आलो. आम्ही चिंचणीचे. कौलारू घर, पुढे ओटी, मागे विहीर आणि खाऱ्या वाऱ्याने दर दोन-तीन वर्षांनी गंजून हातात येणारे कड्या-कोयंडे. समुद्राकडून आम्ही स्टेशनकडे सरकलो. फ्लॅटच्या ब्रोशरवर 'स्टेशनपासून दहा मिनिटे' असं छापलं होतं. लिहिणारा बहुधा सुटत आलेली गाडी पकडायला धावला असावा. मागच्या पानावर बुलेट ट्रेनचं चित्र होतं, कारण तिचं एक स्टेशन बोईसरला व्हायचं आहे. बुलेट ट्रेनमुळे परिसराचं भविष्य फार लांबवर गेलं होतं. हॉल मात्र पंधरा फुटांवर थांबला होता.

पहिला खिळा ठोकायचा ठरला आणि अप्पा मध्ये आले.

अप्पा, म्हणजे माझे वडील, तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झाले. १९६९ साली सुरू झालेलं ते देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. तिथे आयुष्य काढलेल्या माणसाचा कागदाशिवाय सुरू होणाऱ्या कामावर विश्वास बसत नाही. कुठलंही काम म्हणजे आधी परमिट, मग शटडाऊन, मग काम, मग सही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी अप्पा गॅसचं सिलिंडर बदलताना घरातल्यांना ओटीवर उभं करून मोजायचे.

मिस्त्री ड्रिल घेऊन दारात उभा राहिला.

"परमिट?" अप्पांनी विचारलं.

मिस्त्रीने खिशातून ड्रायव्हिंग लायसन्स काढून दाखवलं.

अप्पांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, परत दिलं आणि घराचा मेन स्विच बंद केला. भिंतीत वायरिंग असतं, त्यामुळे भोक पाडण्यापूर्वी लाइन मृत पाहिजे. नियम बरोबर होता. मिस्त्रीने ड्रिलचा घोडा दाबला.

"काका, मशीन लायटीवर चालते."

असा पेच अणुवीज केंद्रात कधी आला नसावा. अप्पांनी डोळे मिटून विचार केला आणि बाहेरून वीज आणायचा आदेश दिला. शेजारच्या फ्लॅटमधून एक्स्टेन्शन बोर्ड आला. बोर्डाबरोबर शेजारच्या वहिनी आल्या. बोर्ड संध्याकाळी परत गेला. वहिनी अजून येतात.

वहिनींचा फ्लॅट आमच्याच आराखड्याचा, फक्त आरशात पाहिल्यावर दिसतो तसा, डाव्याचं उजवं झालेला. आमच्याआधी सहा महिने राहायला आल्यामुळे त्या अनुभवी होत्या. "भावोजी, आम्ही टीव्ही त्या भिंतीला लावला," असं म्हणून त्या ज्या भिंतीकडे बोट दाखवायच्या, तिथे आमच्याकडे संडासाचं दार होतं. पण त्यांचा आत्मविश्वास इतका दांडगा की आम्हाला आमचंच दार चुकीच्या जागी वाटायला लागलं.

आता भिंतींबद्दल. हल्लीच्या इमारतीत भिंती दोन जातींच्या असतात. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचा बीम असतो आणि खोल्यांच्या मधे ज्याला मिस्त्री लोक सिपोरेक्स म्हणतात तो हलका, सच्छिद्र ब्लॉक. एकात ड्रिल शिरत नाही आणि दुसऱ्यात शिरलेलं थांबत नाही. पडद्याची दांडी बीमवर लावायची होती. तिथे ड्रिलचं टोक लालबुंद झालं, मिस्त्री घामाघूम झाला, बीमवर टिकलीएवढा पांढरा ठिपका पडला. मग हात मोकळा व्हावा म्हणून त्याने फ्रेमसाठी आतल्या भिंतीला ड्रिल लावलं. पलीकडच्या खोलीत आई जप करत बसली होती.

"अगो बाई! कोण ते?"

भोक आरपार गेलं होतं. मिस्त्रीने वाकून त्यातून पाहिलं, आईनेही पाहिलं. दोघांची ओळख झाली.

"गिट्टी मारून देतो ना साहेब," मिस्त्री म्हणाला. गिट्टी मारली, ती आईच्या खोलीत पडली. शेवटी त्या भोकावर इकडून एक फ्रेम लावली आणि तिकडून एक कॅलेंडर. आमच्या घरात कलेचा प्रवेश भोकं झाकण्यासाठी झाला आणि भोकांची संख्या बघता कलेला चांगले दिवस आले. काही दिवसांतच सगळ्या फ्रेमा उजवीकडे कलल्या. मिस्त्रीला बोलावलं, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हा डहाणूचा धक्का." नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाच्या धक्क्यांची रांगच लागली. तिथल्या लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या, त्यात हसण्याजोगं काही नाही. पण तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक मिस्त्रीला एक भक्कम कारण मिळालं आहे. कपाटाचं दार लागत नाही? धक्का. नळ गळतो? धक्का. शेल्फ लावलं त्या दिवशीच तिरकं होतं, असं मी म्हणालो. "मग आदल्या रात्री बसला असेल," तो म्हणाला.

पडद्यांच्या दांड्या विरारला स्वस्त मिळतात, असं वहिनींनी सांगितलं. मी विरारहून आठ फुटी दोन दांड्या घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि संध्याकाळच्या डहाणू लोकलमध्ये चढलो. चढलो म्हणजे आधी मी चढलो, दांड्या वैतरणेच्या अलीकडे पूर्ण आत आल्या. त्या उभ्या राहीनात म्हणून तिरक्या धराव्या लागल्या. एक टोक रॅकवर आणि दुसरं माझ्या बुटावर. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की दांड्यांना माझ्याशिवाय आणखी हात लागलेत. कड्या कमी आणि माणसं जास्त असल्यामुळे प्रवाशांनी आधार म्हणून दांड्याच धरल्या होत्या. एका भजनी मंडळाच्या गृहस्थांनी त्यांना टाळांची पिशवी अडकवली.

"किती फुटी?" पिशवीवाल्यांनी विचारलं.

"आठ."

"आणि खिडकी?"

"सहा."

"मग दहा पाहिजे होती. पडदा बाजूला सारला की तो भिंतीवर गेला पाहिजे, काच मोकळी राहिली पाहिजे. आता अर्धा उजेड पडदाच खाणार."

हे खरं आहे. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना चांगली जास्त असावी आणि जमेल तितकी छताजवळ लावावी, म्हणजे खोली उंच वाटते. पण हे मला सांगायला वैतरणा ओलांडायची काय गरज होती? सफाळ्याला डब्यात दोन तट पडले. एक तट आयलेटच्या पडद्यांचा, दुसरा पेल्मेटचा. खिडकीतल्या एका तरुणाने ब्लाइंड्सचा प्रस्ताव मांडला. त्याला केळवे रोडपर्यंत कुणी बसू दिलं नाही. पालघरला उतरणाऱ्या एका काकांना दांडी सोडवेना. "अस्तर लावा हं," ते प्लॅटफॉर्मवरून ओरडले, "नाहीतर एप्रिलमध्ये भाजून निघाल!" उमरोळी गेली. बोईसरला मी उतरलो तेव्हा माझ्या हातात दांड्या होत्या आणि खांद्यावर टाळांची पिशवी.

पडदे लागले. सुंदर दिसत होते. आणि तेच नडलं.

देनी दिदरो नावाचा एक फ्रेंच लेखक होऊन गेला. विश्वकोशाच्या कामामुळे नावाजलेला. १७६९ साली त्याने आपल्या जुन्या घरगुती झग्याच्या आठवणीत एक गमतीदार लेख लिहिला. झालं असं, की त्याच्याकडे लाल रंगाचा एक झकास नवा झगा आला. झगा अंगावर चढवून तो खोलीत बसला, तर खोली भिकार दिसायला लागली. मग गवती विणीची खुर्ची गेली आणि चामडी खुर्ची आली. पुस्तकांची लाकडी फळी गेली, नक्षीदार कपाट आलं. भिंतीवरची चित्रं बदलली, टेबल बदललं. जुन्या झग्याचा मी मालक होतो आणि नव्याचा गुलाम झालो, अशी त्याची तक्रार. हा लेख मला आमच्या शाखेतल्या एका प्रोबेशनरी मुलीने सांगितला, अभ्यासक्रमात होता म्हणे. मी विचारलं, "त्या गृहस्थाला शेजारी वहिनी होत्या का?" तिला माहीत नव्हतं.

नव्या पडद्यांमुळे मागची भिंत मळकट वाटू लागली. म्हणून एकच भिंत रंगवायची ठरली. एकच, आणि तीही फक्त हॉलची. लेकीने शेड कार्ड आणलं. त्यात पांढऱ्याच्या इतक्या छटा होत्या की आईने त्या बोटाने मोजायला घेतल्या आणि चहाला उशीर झाला. पेंटरने सगळ्या छटा बघितल्या. "सुकल्यावर सगळ्या सारख्याच होतात," असं तो म्हणाला. भिंत झाली. दुसऱ्या दिवशी पेंटर कमरेवर हात ठेवून हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि उरलेल्या तीन भिंतींकडे बघून नुसता "च्" म्हणाला. त्या एका "च्"ची किंमत मला नंतर समजली. पुढचं लांबण लावत नाही. घर पूर्ण रंगलं.

मग दिवे. बल्बच्या खोक्यावर हल्ली केल्विनचा आकडा असतो. तीन हजारच्या आसपास म्हणजे पिवळसर, उबदार उजेड. साडेसहा हजार म्हणजे पांढराफटक. लेकीच्या मोबाइलमधल्या सगळ्या सुंदर घरांत पिवळा उजेड होता, म्हणून आमच्याकडेही सगळीकडे पिवळा आला. अप्पांना पेपर दिसेना. "तीन हजारात माणूस झोपतो, वाचत नाही," असं म्हणून ते पेपर घेऊन जिन्यात बसायला लागले. तिथे सोसायटीची ट्यूबलाइट होती. खरा विरोध आईचा. एके सकाळी आभाळ भरून आलेलं, घरात दिवे लावलेले, आणि सातपाटीचं पापलेट घेऊन मासळीवाली मावशी दारात. पिवळ्या उजेडात आईने पापलेट हातात घेतलं, फिरवलं, कल्ला उघडला आणि परत ठेवलं.

"का गो, ताजी हाये," मावशी म्हणाली.

"तुझं पापलेट ताजं असेल गो, पण ह्या उजेडाचा भरवसा नाही. ह्यात शिळं पापलेटही लग्नाला निघालेल्या नवरीसारखं दिसतं."

दोघी पापलेट घेऊन बाल्कनीत गेल्या. कल्ले लाल निघाले. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात साडेसहा हजार केल्विन आहे आणि हॉलमध्ये तीन. मधल्या पॅसेजमध्ये माणसाचा रंग चालता चालता बदलतो. बाकी वीज आमच्या गावाशेजारी बनते आणि इन्व्हर्टर आमच्या बेडरूममध्ये असतो, हा वेगळा विषय. तो निघाला की अप्पा ग्रिडवर बोलतात, म्हणून आम्ही काढत नाही.

यानंतर जुन्या वस्तूंचा काळ आला. चिंचणीचं घर आवरताना पितळेचे दोन हंडे आणि एक बंब भंगारवाल्याला किलोवर दिला होता. आई रडकुंडीला आली होती, तेव्हा बायको म्हणाली होती, "आई, फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार?" आता वसईच्या एका प्रदर्शनात अगदी तसाच हंडा दिसला.

"फक्त साडेतीन हजार," बायको म्हणाली.

"पोचा पण तस्साच आहे," आई निरखून म्हणाली. "आपलाच तर नाही?"

हंडा आणला. त्यात मनीप्लांट लावला. आईचा पाटा-वरवंटा माळ्यावरून काढून कोपऱ्यात मांडला, त्याभोवती छोट्या दिव्यांची माळ सोडली. पाट्यावर ठेवायला लेकीने ऑनलाइन बुद्धाचं शिर मागवलं. खोकं उघडल्यावर आईने विचारलं, "बाकीचं कुठाय?"

"आजी, एवढंच असतं. सगळ्यांकडे असंच असतं."

"देवमाणसाचं नुसतं डोकं घरात ठेवायचं? आणि ठेवायचं कुठे, तर जिथे मी मिरच्या वाटल्या तिथे? पूर्ण मूर्ती आणा, नाहीतर परत करा."

परत केलं. आईच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. आमच्याच लोकलच्या रुळांवर पुढे सोपारा आहे. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन करून उजेडात आणला. तिथे आमच्या घरातलं कुणी आजवर फिरकलेलं नाही. शिर मात्र कुरिअरने आलं आणि कुरिअरनेच गेलं.

मोकळ्या राहिलेल्या मोठ्या भिंतीसाठी लेकीने वारली चित्राचा स्टिकर मागवला. वारली चित्रं कुठली, तर आमची. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आणि हा वारली स्टिकर गुडगावच्या गोदामातून निघाला, अनेक राज्यं ओलांडून महामार्गाने मनोरपर्यंत आला आणि तिथून आमच्याकडे. सोबत माहितीपत्रक होतं. 'तुमच्या घराला द्या आदिवासी स्पर्श.' स्टिकर तुकड्यातुकड्यांत होता. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल फेर धरलेली नाचणारी माणसं. आम्ही चौघांनी मिळून तो चिकटवला. अप्पांनी लेव्हल धरली.

काही दिवसांनी दुसरं पार्सल घेऊन एक डिलिव्हरीवाला पोरगा आला. विक्रमगडकडचा. ओटीपीची वाट बघत दारात उभा असताना त्याची नजर भिंतीवर गेली आणि तो हसायला लागला.

"काय झालं रे?"

"साहेब, तारप्याकडं पाठ करून कोण नाचतंय?"

बघितलं तर फेरातला अर्धा भाग आम्ही उलटा चिकटवला होता. अर्धी माणसं तारप्याकडे तोंड करून नाचत होती, अर्धी दाराकडे निघाली होती. तारपा नाचात त्याच्याकडे पाठ करायची नसते, हे त्या पोराला लहानपणापासून माहीत. माहितीपत्रकाला माहीत नव्हतं.

"तुमच्याकडे घरी कोण काढतं?" लेकीने विचारलं.

"आजी काढायची. लग्न असलं की. आता कोण... पण काय लागतं त्याला? गेरू, तांदळाचं पीठ, बांबूची काडी चावून तिचा ब्रश. झालं."

एवढंच. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमातीचं सारवण, गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लग्नघरात सुवासिनी देवचौक काढतात, त्यात पालघाट देवी असते. पुढे भिंत पुन्हा सारवायची, पुन्हा नवं चित्र. कर्ज नाही, ड्रिल नाही, "च्" म्हणणारा पेंटर नाही. तोडफोड न करता घर सजवायची रीत आमच्या जिल्ह्यात कधीची चालू होती आणि आम्ही ती गुडगावहून मागवली.

लेकीने स्टिकर उपटला. स्टिकरबरोबर नवा रंगही निघाला, भिंतीवर फेर धरून. मग तिने ठरवलं की आपणच काढायचं. आईने घावनांसाठी वाडा कोलम तांदळाचं पीठ दळून ठेवलं होतं, त्यातलं वाटीभर घेतलं.

"अगो, ते महागाचं पीठ! भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला!" अप्पा ओरडले. ते पेपर शेवटपर्यंत वाचतात.

चित्र बरं झालं. तारपावाला जरा जाडा निघाला. मुंग्यांनी त्याला दोन दिवसांत बारीक केलं.

शेवटी सोफा. हे मी थोडक्यात उरकणार होतो, पण तो सोफाच थोडक्यात उरकणारा नाही. एल आकाराचा. दुकानात तो लहान दिसत होता, कारण दुकान मोठं होतं. हॉलचं माप मी घेतलं होतं. लिफ्टचं घ्यायचं असतं हे दुकानदाराने पावती फाडल्यावर सांगितलं. सोफा जिन्याने निघाला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो अडकला आणि चार हमालांनी वर, खाली, आडवा, उभा करून पाहिल्यावर ते त्याला तिथेच ठेवून चहा घ्यायला गेले. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले.

दुसरा दिवस लवकर उजाडला नाही. तोवर सोफा जिन्यात होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजी घेऊन चढताना त्यावर टेकायला लागल्या. पोरं अभ्यासाला बसायला लागली. अप्पांना पेपर वाचायला ट्यूबलाइटखाली गादीची जागा मिळाली. एका संध्याकाळी सोसायटीची मिटिंग त्यावर भरली. मेंटेनन्सचा वाद मिटला, पाण्याच्या टँकरचा खर्च सर्वानुमते मंजूर झाला. सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, राहू द्या ना इथेच." पण आम्हाला पाहुण्यांची काळजी. हमालांना पुन्हा पैसे दिले. दाराची झडप बिजागऱ्यांतून काढली (अप्पांनी त्याचं लेखी परमिट दिलं, तारीख-वेळेसकट), सोफ्याचे पाय कापले आणि तो आत आला. आता तो हॉलमध्ये आहे. म्हणजे हॉल त्याच्याभोवती आहे. बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं आणि मासळी बघायला आईला तिरकं जावं लागतं.

आणि मग पाहुणे आले. बायकोचे वसईचे मामा-मामी. ज्यांच्यासाठी पडदे, रंग, हंडा, उजेड, सगळं. मामा बुटांसकट आत आले, सोफ्यावर बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "केवढ्याला पडला?"

"कोण, सोफा?"

"फ्लॅट हो."

मी सांगितलं.

"पाणी येतं का?"

"येतं, सकाळी."

"स्टेशन किती लांब?"

"दहा मिनिटं."

"आम्हाला पंचवीस लागली," मामी म्हणाल्या. एवढं झाल्यावर बुलेट ट्रेनमुळे भाव किती वाढतील, हा विषय निघाला आणि जेवायच्या वेळेपर्यंत पुरला. भिंतीकडे कुणी पाहिलं नाही. पडद्यांवर मामींनी हात पुसला, पण तो कौतुकाने नसावा. जेवायला सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसले, कारण तिथे उजेड चांगला होता. निघताना मामा दारात थबकले. मला वाटलं, आता काही बोलतील. ते वाकले, बाहेरून पीपहोलला डोळा लावला आणि म्हणाले, "अरे वा, ह्यातून तुमचं अख्खं घर दिसतंय. छान केलंय हो."

तर मंडळी, ज्यांना नवं घर तोडफोड न करता सजवायचं आहे त्यांच्यासाठी: सोफा विकणे आहे. एल आकाराचा, जवळजवळ नवा, पाय नाहीत. बोईसरला स्टेशनपासून दहा मिनिटांवर. किंमत समक्ष ठरवू, पण न्यायचा कसा ते तुमचं तुम्ही बघायचं आणि येताना परमिट आणायचं.